आधी फक्की, मग नकाशा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात जुन्या आठवडी बाजाराची २२ गुंठे जागा आहे. बाजार दुसरीकडे हलला, नगरपरिषदेने तिथे उद्यान मंजूर केलं आणि आराखड्याचं काम तुमच्याकडे आलं. लोकांना विचारूनच करायचं असं ठरवून तुम्ही सभा घेतलीत, तर चौदा माणसं आली. त्यांनी वॉकिंग ट्रॅक, ओपन जिम आणि फाटकावर गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं मागितली. मुख्याधिकारी दोन महिन्यांत नकाशा मागताहेत. लोकसहभाग म्हणतात तो एवढाच का, आणि नसेल तर एवढ्या वेळात काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

एवढाच नाही, आणि दोन महिने पुरतात. फक्त पुढची सभा इतक्यात बोलावू नका.

गेली चोवीस वर्षं मी नगरपरिषदा आणि महापालिकांसाठी बागा, घाट, मंडया, शाळांची मैदानं यांचे आराखडे करते आहे. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मीही समाजमंदिरात सतरंज्या घालून, भिंतीवर नकाशा चिकटवून, "तुम्हाला इथे काय हवंय?" असंच विचारत होते. या प्रश्नाला माणूस बहुतेक वेळा शेजारच्या तालुक्यात पाहून आलेल्या वस्तूचं नाव सांगतो. तिकडे कारंजं असेल तर कारंजं, ओपन जिम असेल तर ओपन जिम. यात त्यांचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. डॉक्टरने "कोणतं औषध देऊ?" असं विचारलं तर पेशंट जाहिरातीतलंच नाव घेणार. दुखतं कुठे आणि कधी, हे विचारायला हवं. आपल्या कामात त्याचं रूप असं: तुम्ही इथे किती वाजता येता, कुणाबरोबर येता, काय करता, आणि कोणत्या वेळी इथून जायचं टाळता? यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि त्याचं खरं उत्तर भरल्या सभेत कधीच मिळत नाही.

म्हणून आधी जागेवर जाऊन बसा. मराठवाड्यातल्या एका गावात असंच एक मैदान माझ्याकडे आलं होतं. पहाटे साडेपाचला मी आणि माझी एक विद्यार्थिनी चहाच्या टपरीमागे पालथ्या क्रेटवर बसलो. वहीत तासांचे रकाने पाडले होते: कोण, किती, कुठे, काय. सकाळचे चालणारे ज्येष्ठ होतेच. साडेसातनंतर शाळेची मुलं मैदानातून तिरपी जाऊ लागली. त्यांच्या पायांनी पडलेली वाट इतकी टणक झाली होती की तिच्यावर गवताची काडी नव्हती. अकरा ते चार मैदान रिकामंच असतं, असं मला कार्यालयात सांगितलं होतं. त्या रिकाम्या मैदानात उत्तरेच्या भिंतीलगत सात बायका जुन्या साड्या अंथरून त्यांवर कुरडया घालत होत्या. घरं पत्र्याची, गच्ची नाही, त्यामुळे वर्षाचं सगळं वाळवण इथेच. दुपारी साड्या गोळा झाल्या आणि तीच कड गोट्या खेळणाऱ्या मुलांनी घेतली. संध्याकाळी सातनंतर पश्चिमेच्या कोपऱ्यातला दिवा बंद होता. क्लासहून परतणाऱ्या मुली त्या कोपऱ्यापाशी आल्या की सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारत होत्या. विद्यार्थिनीने वहीत एवढंच लिहिलं: ७.१०, तीन सायकली, उभ्याने.

आमच्या हातात जो मंजूर नकाशा होता त्यात मैदानाभोवती उंच भिंत आणि पूर्वेला एकच फाटक होतं. म्हणजे शाळेची वाट तुटणार होती, वाळवणाची कड हिरवळीखाली जाणार होती आणि तो कोपरा आणखी काळोखा होणार होता. नकाशा करणारा माणूस वाईट नव्हता. तो तिथे कधी बसला नव्हता, इतकंच. आम्ही तिरप्या वाटेला शहाबादी फरशी दिली, दोन्ही टोकांना वळसा घालून जायचं, कडी-कुलूप नसलेलं फाटक ठेवलं, आणि भिंत कमरेएवढी करून तिच्यावरून रस्ता दिसेल असं केलं. त्यानंतरची सभा मी "काय हवंय?" या प्रश्नाने सुरू केली नाही. वहीतली पानं मोठी करून लावली आणि विचारलं, यात काय चुकलंय? एका आजीबाईंनी लगेच सांगितलं की पहाटे चारला पाणी भरायला येणाऱ्या बायका आम्ही पाहिल्याच नाहीत, कारण आम्ही साडेपाचला आलो.

तुमच्याकडे असे तीन दिवस काढा. एक जुन्या बाजाराचा वार, एक साधा दिवस, एक रविवार. बाजार हलला असं तुम्ही लिहिलंय, पण माझा अनुभव असा की बाजार कागदावर हलतो आणि आठ-दहा भाजीवाल्या जुन्या जागीच बसत राहतात, कारण त्यांची गिऱ्हाइकं त्याच गल्लीतली असतात. त्या दिसल्या तर त्यांना अतिक्रमण म्हणून नोंदवू नका. पथविक्रेत्यांसाठी २०१४ पासून केंद्राचा कायदा आहे आणि त्यानुसार नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात. तुमच्या गावात ही समिती आहे का, तिची बैठक होते का, हे नगरपरिषदेत विचारा. उद्यानाच्या कडेला आठ ओटे निघाले तर बागेत संध्याकाळी जाग राहते, आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीइतकी चांगली राखण कोणताही सुरक्षारक्षक करत नाही.

आता सभेला न आलेल्यांचं. चौदा माणसं आली हा आकडा मला फारसा त्रास देत नाही. ती चौदा कोण होती, सभा कुठे होती आणि किती वाजता होती, हे मात्र मला कळायला हवं. सभा देवळाच्या सभामंडपात घेतली की गावातली काही घरं येतच नाहीत. कुणी त्यांना अडवलेलं नसतं, तरी ती येत नाहीत, आणि कारण गावात सगळ्यांना माहीत असतं. एखाद्या मंडळाच्या कार्यालयात घेतली की दुसऱ्या मंडळाची पोरं येत नाहीत. रविवारी सकाळी अकराला घेतली की स्वयंपाक करणारी कुणीच येऊ शकत नाही. म्हणून मी सभा त्याच जागेवर, उघड्यावर घेते. आणि जे येणार नाहीत त्यांच्याकडे स्वतः जाते: बचतगटाच्या हप्त्याच्या दिवशी, अंगणवाडीत, रिक्षा स्टँडवर, पाणी यायच्या वेळी नळावर, गावाच्या कडेच्या वस्तीत त्यांच्याच ओट्यावर. तिथे नकाशा उलगडू नका. आधी चहा घ्या, दिला तर नक्की घ्या. तुम्ही पाणी प्यायलात की नाही, हेसुद्धा तिथे पाहिलं जातं.

मुलींना वेगळं भेटा, आणि मुलग्यांना वेगळं. बारा-तेराव्या वर्षानंतर मुली मैदानातून दिसेनाशा होतात, हे मी जवळजवळ प्रत्येक गावात पाहिलंय. "तुम्हाला खेळायला काय हवं?" असं विचारलं तर त्या हसतात आणि एकमेकींकडे बघतात. एकदा मी आठवीच्या मुलींनाच पुढे घालून म्हटलं, मला गाव दाखवा, जिथे भराभर चालता तिथे खडूने फुली मारा. तासाभरात एकवीस फुल्या पडल्या. त्यातल्या अकरा एकाच बंद पडलेल्या पाणपोईच्या आसपास होत्या. कोणत्याही प्रश्नावलीतून मला हे कळलं नसतं.

एवढं झालं की कागदाआधी जमिनीवर काढा. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. लोकांना नकाशा कळत नाही असं आपल्या क्षेत्रात सर्रास म्हटलं जातं. छोट्या मापाचा नकाशा नगरसेवकांनाही कळत नाही आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला आपल्यालाही कळत नसतो. पण खऱ्या मापाची आखणी प्रत्येकाला कळते. कबड्डीचं मैदान आखतात ती फक्की घ्या, दोरी घ्या, बांबू घ्या आणि अख्खी बाग जागेवरच आखा. रस्त्यांबाबतही हे चालतं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन केला. त्या दिवशी वाहनं बंद ठेवून लोकांना रस्ता पायाखाली घेऊ दिला. रस्ता कसा वाटेल यावर महिनाभर चर्चा करण्यापेक्षा एक दिवस तसा करून दाखवलेला बरा.

ही पद्धत माझी नाही. १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका 'महिला मिलन' म्हणून एकत्र आल्या. आपलं घर कसं असावं हे त्यांनी साड्या धरून, लांबी-रुंदी मापून ठरवलं आणि खऱ्या मापाचे नमुने उभे करून इतर वस्त्यांना दाखवले. त्यांनी १४ फूट उंचीची खोली मागितली, म्हणजे आत पोटमाळा निघेल आणि तेवढ्याच जागेत दोन पिढ्या झोपतील. कागदावर तो आकडा कुठल्याही वास्तुविशारदाला विचित्र वाटला असता. पुढे १९९९ नंतर पुण्यात वस्त्यांमधली सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधताना महिला मिलनच्या बायकांचा हात होता. स्त्री-पुरुषांची दारं वेगळी, लहान मुलांसाठी छोट्या मापाची वेगळी बसायची सोय, राखण करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली, ही वैशिष्ट्यं रोज रांगेत उभं राहणाऱ्यांच्या अनुभवातून आली होती. मुलांना मोठ्यांच्या रांगेतून ढकललं जातं आणि मग ती उघड्यावर बसतात, हे त्यांना ठाऊक होतं.

माझ्या एका कामात अशी आखणी केली तेव्हाचं सांगते. स्वच्छतागृहाच्या जागी चार बांबू रोवून भोवती साड्या गुंडाळल्या होत्या. सहावारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर, भिंत दाखवायला अगदी सोयीची. सगळे बघून गेले, छान म्हणाले. मग एक तरुण बाई आत गेली, बाहेर आली आणि दारातच थांबली. काही बोलली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ती बघत होती तिकडे पाहिलं. समोर थेट रिक्षा स्टँड होता. आत जाताना आणि बाहेर येताना प्रत्येक बाई वीस-पंचवीस पुरुषांच्या नजरेसमोरून जाणार होती. आम्ही तिथल्या तिथे साडी सोडून दार मागच्या अंगाला वळवलं. तर दुसरी म्हणाली, मागे अंधार आहे, तिथे तर मुळीच नको. शेवटी दार बाजूला घेतलं, समोर आडभिंत घेतली आणि दिव्याचा खांब दोन मीटर सरकवला. अर्धा तास लागला, खर्च शून्य. हेच बांधकाम झाल्यावर लक्षात आलं असतं तर ती इमारत वर्षभरात कुलूपबंद झाली असती. अशा कुलूपबंद इमारती मी पुष्कळ पाहिल्यात.

आखणी किमान दोन दिवस राहू द्या. संध्याकाळी मुलं तिच्यावरून धावतील, गाई बसतील, कुणीतरी मोटारसायकल घालेल. ते सगळं बघा. जिथे मोटारसायकल घुसली तिथे उद्या पेव्हर ब्लॉक घातल्यावरही ती घुसणारच आहे.

पैशांचं गणित लोकांसमोर उघडं ठेवायला घाबरू नका. मी चिंचोके वापरते. प्रत्येक गोष्टीचं चित्र जमिनीवर मांडायचं आणि तिची किंमत चिंचोक्यांत लिहायची. समजा एक दिव्याचा खांब दोन चिंचोके, ओपन जिमचा संच बारा, वडाभोवतीचा पार चार. प्रत्येक गटाला अंदाजपत्रकाच्या प्रमाणात मोजकेच चिंचोके द्यायचे. तुमच्या चौदा जणांनी मागितलेली दिव्यांची अक्षरं इथे समोर येतील आणि त्यांच्या बदल्यात चार दिवे जातात हे सगळ्यांना दिसेल. तरीही गावाला अक्षरंच हवी असतील तर करा. त्यांचा पैसा आहे. पण माझ्यासमोर असं एकदाच झालंय.

निर्णय कसा घ्यायचा, याबाबत मी गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाकडून एक गोष्ट उचलली. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा बहुतेकांना माहीत असते. त्यांनी अभ्यास करायची बैठक आणि निर्णय घ्यायची ग्रामसभा वेगळी ठेवली, आणि निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करायचा असं ठरवलं, याकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष जातं. अभ्यास गटात कुणीही यावं, शंका काढाव्यात, माहिती मागवावी, ठराव मात्र तिथे होत नाही. शहरी प्रभागात पूर्ण सहमती होणं अवघड आहे, ते मान्य. पण अभ्यासाची बैठक वेगळी ठेवली की आरडाओरडा निम्म्याने कमी होतो, कारण त्या दिवशी कुणाचंच काही हरणार नसतं.

भांडणं तरीही होतील. क्रिकेट खेळणारी पोरं आणि ज्येष्ठ नागरिक हे भांडण तुमच्याकडे नक्की येणार. यात आपण बहुतेक वेळा जागा वाटून देतो, अर्धी यांना, अर्धी त्यांना, आणि दोघांनाही पुरत नाही. आधी तासांची वही उघडा. सकाळी सहा ते आठ एकांचं, चार ते सात दुसऱ्यांचं असं वेळेचं वाटप पुष्कळदा आधीपासूनच चालू असतं, फक्त कुणी लिहिलेलं नसतं. मैदानाचा मधला भाग मोकळा मातीचाच ठेवा, म्हणजे गणपतीचा मांडव, नवरात्रातला गरबा, लग्नाची पंगत आणि क्रिकेट सगळं तिथे होईल. मांडवाच्या वाशांसाठी जमिनीत पाइप पुरून झाकणं बसवा, नाहीतर दरवर्षी पेव्हर उखडून खड्डे होतील. हे मला एका मंडळाच्या कार्यकर्त्याने शिकवलं.

काही गोष्टी मात्र लोकांच्या मतावर सोडायच्या नाहीत. पाण्याचा उतार, विजेची केबल, झोपाळ्याखालचा मऊ थर, रॅम्पचा चढ, ही आपली जबाबदारी. "लोकांनीच सांगितलं होतं" असं म्हणून उभ्या चढाचा रॅम्प करणाऱ्यांचा मला राग येतो. व्हीलचेअरवरचा माणूस तुमच्या सभेत नसेल, तरी त्याची बाजू तुम्हीच मांडायची आहे.

आता उशिरा विचारण्याबद्दल, कारण मुख्याधिकारी तुम्हाला म्हणतील, "नकाशा करा, मग हरकती-सूचना मागवू." मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यातल्या चुकांवर शहरभर गदारोळ झाला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. गोव्याने याहून वेगळं करून पाहिलं. तिथला २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृतिदलाने २०२१ सालापर्यंतच्या नव्या आराखड्याचे नकाशे गावोगावच्या पंचायतींकडे पाठवले आणि गावांनी आपापल्या शेतांची, डोंगरांची, तळ्यांची खूणगाठ त्यांवर मारली. माझ्या मते हे आपल्याकडचं फार मोठं आणि धाडसाचं काम होतं. पण अंतिम नकाशात आपण सांगितलेलं दिसत नाही अशी अनेक गावांची तक्रार राहिली आणि २०१२ मध्ये तो आराखडा स्थगित झाला. इतक्या गावांनी इतके महिने खपून केलेलं काम असं अडकलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी एक नियम पाळते: प्रत्येक सूचनेचं काय झालं, ते जागेवरच फलकावर लिहायचं. घेतली, घेतली नाही, आणि का नाही. "निधी नाही" हेही उत्तर आहे, लोक ते समजून घेतात. उत्तरच न मिळणं त्यांना लागतं.

कार्यालयातली बाजूही सांभाळा. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळाली की बदल करणं फार जिकिरीचं होतं, म्हणून हे सगळं त्याआधी उरकायचं. कनिष्ठ अभियंत्याला आखणीच्या दिवशी हातात दोरी द्या. साडीचं दार वळताना त्याने पाहिलं की पुढे ठेकेदाराशी तोच भांडतो. नगरसेवकांना डावलू नका, पहिली रेघ त्यांच्या हातून ओढून घ्या. आणि शक्य असेल तर काम दोन टप्प्यांत काढा. पहिल्यात वाटा, दिवे, पाणी, झाडं, स्वच्छतागृह. बाकं, खेळणी, ओटे सहा महिन्यांनी, लोक कुठे बसतात हे बघून. निधी परत जाईल या भीतीने सगळं एकदम करायचा दबाव येईल. तेव्हा दोन्ही टप्पे आधीच मंजूर करून घ्या, म्हणजे ती भीती राहणार नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात. तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना तसं काही करायची इच्छा असेल तर हा दुसरा टप्पा त्यासाठी उत्तम आहे.

तुमच्या वेळापत्रकाचं म्हणाल तर पहिला आठवडा वही आणि क्रेट, पुढचे दोन आठवडे ओट्यांवरच्या भेटी, चौथ्यात अभ्यासाची बैठक, पाचव्यात फक्की, सहाव्यात चिंचोके आणि निर्णय. उरलेले दोन आठवडे तुमच्या ड्रॉइंगला. फक्कीच्या दोन गोण्या आजच आणून कोरड्या जागी ठेवा. वळवाचा पाऊस आला की आखणी एका रात्रीत धुऊन जाते आणि माणसं पुन्हा गोळा करावी लागतात.

पहाटे चारच्या पाण्याला मात्र स्वतः जा. नळ कोणत्या कोपऱ्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.